शाहिराचा दम

गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची तब्येत म्हातारपणी बरी राहते का, हे शोधणाऱ्या एका प्रकल्पात मी काम करत होते. माणसं निवडली ती मुलुंडमधली, आमच्या गल्लीमागच्या वस्तीतली. कोकणातून गिरणीत आलेली ही कुटुंबं, आणि त्यांच्यात शक्ती आणि तुरा अशा दोन पार्ट्या. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, समोरच्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, मधे पोरं घुंगरू बांधून गोल नाचणार. जवाब आला नाही की हार. दोन्हीकडचे शाहीर सत्तरी ओलांडलेले, आणि तरुणपणापासून एकमेकांसमोर उभे.

सरावाचा हॉल रविवारी सकाळीच मोकळा असायचा, म्हणून दोन्ही पार्ट्यांना एकदमच बोलावलं. रक्तदाब मोजून झाला आणि मी शक्तीच्या शाहिरांना पहिला प्रश्न विचारला, "काका, हल्ली कधी एकटं वाटतं का?"

काका उठून उभे राहिले. घसा साफ केला, समोरच्यांकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "शक्तीचा माणूस एकटा असतो काय गं बाय?"

टाळ्या पडल्या. लगेच तुऱ्याचे शाहीर उठले. "आमच्यात तर झोपेतपण कोरस असतो!"

झालं. मी विचारते ते प्रश्न नसून सवाल आहेत, असाच सगळ्यांनी समज करून घेतला. जिना चढताना दम लागतो का? "दमाला आमचा पत्ताच म्हायती नाय!" गुडघे दुखतात का? एकाने तिथल्या तिथे उडी मारून दाखवली, आणि मग बराच वेळ भिंतीला धरून उभा राहिला. समोरच्या पार्टीसमोर दुखणं कबूल करायचं म्हणजे सामना हरल्यासारखंच. प्रकल्पाच्या मॅडमना मी फोनवर सांगितलं, इथे कोणीच आजारी नाही. त्या म्हणाल्या, वा, किती छान निष्कर्ष! डोंबलाचा निष्कर्ष. मला राग लवकर येतो, आणि त्या दिवशी तर घरी जाऊन मी भांडीही आदळली.

राग आकड्यांसाठी नव्हता. शक्तीच्या शाहिरांची पावलं मला सुजलेली दिसली होती. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, डॉक्टरांकडे जाऊ या." ते हसले. "गणपतीत सामना हाय. तो होऊ दे, मग बघू." घरी सुनेचंही त्यांनी ऐकलं नव्हतं, माझं कशाला ऐकतील?

दोन दिवसांनी बाजारात भाजी घेताना तुऱ्याचे शाहीर मागून आले. मेथीची जुडी उगाचच उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "बाय, तो ओळ पुरी करत नाय."

"कोण?"

"तोच. आधी कडवं एका दमात घ्यायचा. आता ओळीच्या मधेच श्वास घेतो. गेल्या सामन्याला मी सवाल मुद्दाम लांबवला, त्याला टेकायला मिळावं म्हणून. लोक म्हणाले, म्हातारा पाल्हाळ लावतो."

आम्ही मशीन घेऊन माणसांचा रक्तदाब मोजत होतो, आणि हा माणूस प्रतिस्पर्ध्याचा श्वास ऐकत उभा होता. मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"सांगून ऐकायचा नाय. त्याला विचारायलाच लागंल."

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी शक्तीचा सराव बघत बसले होते, तेव्हा ते आपली ढोलकी घेऊन आत शिरले. असं कोणी करत नाही. शक्तीची पोरं चिडली, पण त्यांच्या शाहिरांनी हात करून त्यांना थांबवलं. तुऱ्याच्या शाहिरांनी ताल धरला आणि थेट त्यांच्याकडे बघत गायलं:

"न बोलावता येतो, न सांगता जातो,
ओळीच्या मधेच तुझा का रे अडतो?"

कोडं साधंच होतं, पोरांनाही सुटलं असेल. पण जवाब गाऊनच द्यायचा होता. शक्तीच्या शाहिरांनी कानावर हात ठेवला, सूर लावला आणि अर्ध्या ओळीत थांबले. पुन्हा लावला. पुन्हा थांबले. झांजवाला मान खाली घालून बसला. हॉलमध्ये फक्त त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती, आणि मी मनात म्हणत होते, पुरे हो, आता बसा.

ते बसले. "हरलो रे," म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द तिथे कोणीच कधी ऐकला नव्हता. जिंकलेल्या शाहिरांनी ढोलकी खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि म्हणाले, "हरलायस ना? मग मी सांगतो ते करायचं. उद्या सकाळी दवाखाना."

दुसऱ्या दिवशी मी दोघांबरोबर गेले. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि लगेच दाखल करून घेतलं. हृदय दमलं होतं, फुफ्फुसांत पाणी साठलं होतं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं ते म्हणाले. औषधांनी उतार पडेल, पण गाणं काही काळ बंद. सामनाही गेलाच.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी नाव-पत्ता विचारून घेतला आणि तुऱ्याच्या शाहिरांकडे बघितलं. "तुम्ही पेशंटचे कोण?"

भाऊ नव्हते, गाववाले नव्हते, मित्र म्हणवून घ्यायची तर दोघांनाही लाज वाटली असती.

"मी ह्याच्या समोरचा," ते म्हणाले.

"समोरच्या खोलीतले?"

"नाय हो. समोरचा. ह्याला बरा करा बाई. हा गप्प झाला तर मी कोणासमोर उभा ऱ्हाऊ?"