समीरचा आवाज कमी करताना

बँड काढला की गाणी साठतील असं वाटतं. साठतात किस्से! आमची स्वतःची गाणी अजून हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, पण समीरचे किस्से सांगायला बसलो तर चहाची दुसरी फेरी नक्की. समीर आमचा ड्रमर. केतकी गाते, गिटारही तीच वाजवते. मी बास गिटार वाजवतो, म्हणजे मी थांबलो तरच लोकांना कळतं की मी होतो.

आमची गाणी अल्टरनेटिव्ह रॉक. कडवं कुजबुजल्यासारखं, ध्रुवपद अंगावर येणारं. हा चढउतार सगळा ड्रमरच्या हातात. आणि आमचा ड्रमर घडला ढोल-ताशा पथकात, जिथं फक्त चढ असतो.

*

पहिल्याच दिवशी नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत त्यानं असं काही वाजवलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

केतकी म्हणाली, "मस्त. पण आवाज जरा कमी कर ना."

समीर लगेच उठला आणि त्यानं खिडक्या लावून घेतल्या.

*

खालच्या मजल्यावरचे काका एकदा जिना चढून वर आले. मी दार उघडलं.

"काका, त्रास होतो का आमचा?"

"छे हो. श्रवणयंत्र घ्यायचं चाललं होतं माझं. आता राहू दे म्हटलं. तेवढंच सांगायला आलो."

समीर हे पुढं कित्येक दिवस कौतुक म्हणून सांगत होता.

*

मग मी डोकं चालवलं. पथकात एक शिस्त असते. मिरवणुकीत अँब्युलन्स आली की पथकप्रमुख हात वर करतो आणि सगळे ढोल जागच्या जागी थांबतात. म्हटलं, शांत कडवं आलं की मी क्षणभर हात वर करीन, त्यानं थांबायचं. प्रॅक्टिसला हे इतकं झकास जमलं की मी स्वतःवरच खूश होतो.

पुढं एका कॉलेजात शो झाला. ध्रुवपद रंगात आलं आणि पहिल्या रांगेतल्या पोरांनी खुशीत हात वर केले. समीर एकदम बंद! केतकी वळून बघतेय, मी बघतोय, आणि हा स्टिक्स मांडीवर ठेवून बसलेला.

"अरे वाजव ना!"

"एवढे हात वर असताना कसा वाजवू?"

*

केतकीचे बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्यावर तिनं एक गाणं केलं, अगदी हलकं. त्यात स्टिक्स नाहीत, नुसते तारांचे ब्रश फिरवायचे. शोच्या महिनाभर आधी तिनं स्पष्ट सांगितलं, "समीर, यातला माझा एक शब्द जरी ड्रमखाली गेला, तर पुढच्या शोपासून ड्रम लॅपटॉपवर."

ड्रम सुटले तर हा माणूस कोलमडेल, हे मला माहीत होतं. मला त्याची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तो घरी तान्ह्या भाचीच्या पाळण्याशेजारी सरावाचं रबरी पॅड घेऊन बसायला लागला. बाळ उठलं तर आवाज जास्त झाला, असा साधा हिशोब. थोड्याच दिवसांत ताईची तक्रार आली, "आता हा वाजवत नसला तर ती झोपतच नाही."

*

आणि मग तो शो. कोथरूडचा छोटा हॉल, पुढच्या रांगेत केतकीची आई. समीर इतके हलके ब्रश फिरवत होता की मला पहिल्यांदाच माझा बास ऐकू आला. दुसऱ्या कडव्यात केतकीचा आवाज कापरा झाला. पुढचा शब्द आलाच नाही. आला तो हुंदका, आणि समोर माइक चालू.

समीरनं ब्रश टाकले, स्टिक्स उचलल्या आणि सगळी ताकद लावून वाजवायला सुरुवात केली. कडवं अर्धवट असताना! मी गडबडीत बासवर त्याच्या मागं धावलो. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, गाणं असंच बसवलंय. केतकीनं लोकांकडे पाठ केली, समीरसमोर उभी राहून मनसोक्त रडली, डोळे पुसले. ती माइककडे वळली तेव्हा तो पुन्हा ब्रशवर आला होता. उरलेलं गाणं तिनं शेवटपर्यंत गायलं.

शो संपल्यावर साउंडवाला वैतागून आला. "मॅडम, मध्ये तुमचा आवाजच गायब झाला. हा माणूस गाणं खातो. ड्रमर बदला तुम्ही."

समीर मान खाली घालून सामान आवरत होता. केतकीनं त्याचा सगळ्यात जड ड्रम उचलला.

"माझ्या ड्रमरला काही बोलायचं नाही," ती म्हणाली आणि ड्रम घेऊन जिना उतरायला लागली.