उचलून ढकलायचं दार

गादीवाल्या काकूंच्या कारखान्याचं मागचं दार नुसतं ढकलून उघडत नाही. बिजागरी खचल्यामुळे ते उंबऱ्याला अडतं. मूठ धरून आधी वर उचलायचं, मग ढकलायचं. हे घरच्यांना ठाऊक होतं आणि शेजारच्या घड्याळजीला. रोज दुपारी तो काकूंच्या नवऱ्याकडे चहाला याच दाराने यायचा.

दंगलीत जमाव इथूनच शिरला. दाराला ओरखडासुद्धा नव्हता. कापूस पेटला, काकूंचा नवरा आतच संपला. आपण नेहमी पुढच्या दारानेच जायचो, असं घड्याळजीने पोलिसांना सांगितलं. काकूंनी खरं काय ते सगळ्यांना सांगितलं. पोलिसांनी पुरावा मागितला, दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी सबुरी.

वर्षभराने त्याच धर्मगुरूंच्या पुढाकाराने दोन्हीकडच्या पोरांनी कारखाना पुन्हा उभारला. वाचलेलं दार खचलेल्या बिजागरीसकट तसंच बसवलं. काम चोख होतं, हे काकूही मानतात. पण उद्घाटनात कुणाचं नाव घ्यायचं नाही, चूक सगळ्यांचीच म्हणायची, असं ठरलं होतं.

"सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही," काकू म्हणाल्या. "जो जबाबदार, त्याच्या तोंडून ऐकेन, तेव्हाच सुई हातात धरेन."

त्यांच्याकडच्या धर्मगुरूंनी मन मोठं करायला सांगितलं. मोठंच आहे, म्हणून तर एवढा राग मावतोय, असं उत्तर मिळालं.

जिथून आग शिरली तिथूनच माणसं आत जावीत, ही धर्मगुरूंचीच कल्पना. उद्घाटनाला दोघांनी मिळून मागचं दार ढकललं. हलेना. देवाची दोन माणसं लागूनही ढिम्म, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मदतीच्या घाईत घड्याळजी पुढे झाला. मूठ धरली, दार उचललं, ढकललं.

हसू थांबलं.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "तुम्ही तर पुढच्या दाराने यायचात ना?"

त्यांच्याकडचे धर्मगुरू पुटपुटले, आज नको. पलीकडचे म्हातारे धर्मगुरू मात्र घड्याळजीकडे वळले. तो त्यांच्याच प्रार्थनेला बसायचा.

"आज नाही तर कधी? मी वर्षभर भित्रेपणाला सबुरी म्हणत आलो. बोल."

घड्याळजीने मान खाली घातली. "मीच दाखवलं. वाटलं, नुसती मोडतोड करतील."

म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला आणि मांडवातून त्याला थेट पोलीस ठाण्यात नेलं. भाषणं झालीच नाहीत. काकूंनी माफ केलं नाही, अजूनही केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गादी शिवायला बसल्या. टाके इतके ओढले गेले, की गादी दगडासारखी झाली. ती उसवावी लागली.