कुलूप दाखवा

हार्लेमच्या खालच्या टोकाला, मोठ्या बागेच्या कोपऱ्यात, काँक्रीटचा एकच एक लांबरुंद खड्डा आहे. पण वस्तीतल्या कुणालाही विचारा, तिथे दोन जागा आहेत असंच सांगेल. उन्हाळ्यात त्यात पाणी असतं, तेव्हा तो 'पूल'. थंडीत पाणी काढून तळावर बर्फ धरवला की ती स्केटिंगची 'रिंक'. जुलैत कुणाला "रिंकवर भेटू" म्हणालात, तर लोक कपाळाला हात लावून ताप आलाय का ते बघतील.

व्हर्नेटा टॉलिव्हरचंही तसंच होतं. बाई एकच, पण रिंकवरची वेगळी आणि पूलवरची वेगळी.

रिंकवरची मिस नेटा म्हणजे राणी. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात जन्म गेलेला, आता सत्तरी जवळ आलेली. पण स्केटच्या दोऱ्या आवळून उभी राहिली की वय बाकावरच ठेवून यायची. हात पाठीमागे बांधून उलटी सरकत जायची, मध्यभागी येऊन एक गिरकी घ्यायची आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जायची. दांडगी पोरंसुद्धा तिला वाट द्यायची. भाड्याने स्केट घेणाऱ्यांकडे ती जरा वरूनच बघायची, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पूलवरची नेटा नुसती काठावर बसायची. नियमाप्रमाणे अंगात पांढरा शर्ट, पाय घोट्यापर्यंत पाण्यात, हातात मैत्रीण आयरिसने आणलेली तळलेली करंजी. "आत ये की गं!" कुणी म्हटलं की उत्तर तयार असायचं, "कालच हे कुरळे केस सरळ करून आणलेत बाई. भिजले तर पुन्हा अर्धा दिवस खुर्चीत बसायला मला वेळ नाही." केसांचं कारण हार्लेममध्ये सगळ्यांना पटतं. त्यामुळे तिला पोहता येत नाही ही गोष्ट एकट्या आयरिसलाच ठाऊक होती. आयरिस माल्डोनाडो तिच्या वरच्या मजल्यावर राहायची, आणि आयरिसपासून काही लपवायचं तर घर बदलावं लागलं असतं.

नेटाची आई कॅरोलायनातल्या खेड्यातली. तिकडे पोरांनी ओढ्याकडे जाऊ नये म्हणून जो दम देत, तोच ती इथे शहरातही द्यायची, "पाण्याला तळ नसतो, नेटा." आई गेली, ओढा तर नेटाने कधी पाहिलाही नव्हता, वाक्य मात्र पोटात राहिलं. पूलमध्ये छातीइतकंच पाणी आहे हे तिला रोज डोळ्यांनी दिसायचं. पण भीती कधी डोळ्यांचं ऐकते का?

डार्नली गिटन्स तिला भेटला तो पूलच्या फाटकावर. तिथे शिरायचं तर आधी कुलूप दाखवावं लागतं. आत कपाटं असतात, पण कुलूप ज्याचं त्याने आणायचं. कुलूप नाही तर प्रवेश नाही, मग तुम्ही कुणीही असा. पहारेकरी दिवसभर "कुलूप दाखवा! कुलूप दाखवा!" ओरडत असतो आणि माणसं कुलपं उंच धरून पुढे सरकत असतात. त्या दिवशी रांग अडली, कारण पुढे एक आडव्या अंगाचा गृहस्थ हुज्जत घालत होता.

"अहो, माझ्या पिशवीत एक टॉवेल नि एक जुनी विजार. चोराने नेली तर नुकसान चोराचंच!"

"कुलूप नाही, प्रवेश नाही."

ऊन डोक्यावर आलं होतं. नेटा मागून ओरडली, "ओ ड्रायव्हर, गाडी पुढे घ्या!"

गृहस्थ चकित होऊन वळला. "मी ड्रायव्हर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"भर रस्त्यात मध्येच थांबून मागच्यांचा खोळंबा दुसरं कोण करतं?"

तो खरोखरच बस चालवायचा, मॅनहॅटनमध्ये, निवृत्तीला टेकलेला. सगळी रांग हसली, तोही हसला. आणि नेटाने, का कोण जाणे, पिशवीतलं जास्तीचं पितळी कुलूप काढून त्याच्या हातावर ठेवलं. किल्लीला लाल दोरा बांधलेला होता. "जाताना परत द्या," ती म्हणाली.

त्याने दिलं नाही. "उद्या नक्की," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी किल्ली गळ्यात घालून पुन्हा हजर. उद्या उद्या करत उन्हाळा सरला, आणि कुलूप परत मागायला म्हणून नेटा रोज येत राहिली. रोज येण्याची सवय तिला त्याआधीही होती, असं ती आयरिसला बजावून सांगायची. आयरिस म्हणायची, "हो तर! लिपस्टिक लावून कुलूप मागायला जायचं, ही सवय मात्र नवी."

डार्नली बार्बाडोस बेटावरचा. पाण्यात तो असा पोहायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा पाण्याला झोपेतून उठवतसुद्धा नाही. पण थंडीत नेटाने त्याला रिंकवर नेलं तेव्हा त्याची पार दाणादाण उडाली. दोन्ही हातांनी रेलिंग घट्ट धरून उभा राहिला, तो बंद व्हायची घंटा होईपर्यंत तिथेच.

"सोडा हो आता ते!" नेटा त्याच्याभोवती गोल फिरत म्हणाली. "रेलिंग काही पळून जात नाही."

"रेलिंगची काळजी नाही मला. आमच्याकडे बर्फ फक्त ग्लासात असतो, आणि त्यावर कुणी उभं राहत नाही."

अशी तीन-चार वर्षं गेली. उन्हाळ्यात तो पाण्यात नि ती काठावर, हिवाळ्यात ती बर्फावर नि तो काठावर. 'अहो'चं 'अरे' झालं. वस्तीत दोघांवर हसून झालं आणि लोक कंटाळून गप्पही बसले.

मग गेल्या थंडीत, गरम चॉकलेटचा पेला दोन हातांत धरून, डार्नली म्हणाला, "नोकरी संपली माझी. आईचं घर आहे स्पाइट्सटाउनला, समुद्रावरच. मी परत जातोय. तू चल माझ्याबरोबर. लग्न करून चल."

नेटाच्या हातातलं चॉकलेट सांडलं. तिला हो म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "आधी रेलिंग सोडून या काठापासून त्या काठापर्यंत ये. मग बघू."

हे त्याच्याने कधी व्हायचं नाही, अशी तिची खात्री होती. पण माणूस हट्टाला पेटला. गुडघ्यांना जुन्या उशा बांधून रोज येऊ लागला. आपटायचा, उठायचा, पुन्हा आपटायचा. पोरं त्याला "आजोबा, ब्रेक मारा!" म्हणून ओरडायची. आणि मार्चमध्ये, रिंक बंद व्हायच्या दिवशी, त्याने रेलिंग सोडलं. हात पसरून, ओठ दाबून, वाकडातिकडा सरकत निघाला. सगळे थांबून बघत राहिले. थांबायचं कसं ते तो शिकलाच नव्हता, त्यामुळे पलीकडच्या भिंतीवर पोट आदळलं तेव्हाच थांबला आणि म्हणाला, "आलो."

टाळ्या पडल्या. नेटाचे डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांनी ती काय म्हणाली? "उन्हाळ्यात सांगते."

त्या रात्री आयरिसने तिला फैलावर घेतलं. "अगं भवाने, त्या माणसाचं पोट फुटायचं राहिलं तुझ्यापायी! नको असेल तर नको म्हण, मोकळा कर बिचाऱ्याला."

"मला हवाय गं तो."

"मग?"

"तिकडे सगळे सकाळी चहाच्या आधी समुद्रात जातात. त्याची नव्वदीची मावशीसुद्धा. मी काय करू? वाळूत बसून सगळ्यांचे कपडे राखू?"

"केस भिजतील म्हणून सांग."

"जन्मभर?" नेटा म्हणाली. "इथे लोक मला वाट देतात, आयरिस. तिकडे माझी काय ओळख? डार्नलीची ती पाण्याला भिणारी बायको."



जुलैत पूल उघडला तेव्हा नेटाने मनाचा हिय्या करून डार्नलीला खरं सांगितलं. "मला पोहता येत नाही."

"आणि केस?"

"केस म्हणजे बहाणा."

तो इतका हसला की काठावरून पाण्यात पडला. नेटा आठवडाभर फिरकली नाही. मग तो स्वतः दारात आला, हातात माशाचे गरम वडे, मान खाली. "मला रेलिंग सोडायला तू शिकवलंस," तो म्हणाला. "आता माझी पाळी."

पण शिकवणं काही त्याच्या रक्तात नव्हतं. तो बसमध्ये ओरडायचा तसा ओरडायचा, "पुढे सरका! आत भरपूर जागा आहे!" "हात मार! पाय मार!" नेटा हात मारायची, पाय मारायची, तोंडभर पाणी प्यायची आणि पुन्हा काठ पकडायची. पोरांना कुठून कळलं देव जाणे, पण ती ओरडू लागली, "मिस नेटा, रेलिंग पळून जात नाही!" तिचंच वाक्य तिच्याच पदरात. ऑगस्ट असाच गेला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पूल बंद होतो. शेवटचा दिवस उजाडला. उद्या पाणी काढणार होते, आणि महिनाअखेरीला डार्नलीचं विमान होतं. तो काही विचारत नव्हता. त्याचं न विचारणंच नेटाला जास्त लागत होतं. तिने पिशवी आयरिसच्या मांडीवर टाकली. "त्या काठाला जाऊन उभा राहा," ती डार्नलीला म्हणाली.

"नेटा, तसं काही—"

"जा म्हटलं ना!"

तो गेला. नेटाने श्वास घेतला आणि काठ सोडला. हात मारले, पाय मारले. थोडं अंतर गेली, आणखी थोडं. मग नाकात पाणी शिरलं, आकाश तिरकं झालं, आणि आईचं वाक्य पोटातून वर आलं. नेटा खाली गेली. आता संपलं, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं.

आणि पाय टेकले.

काँक्रीट होतं ते. खरखरीत, सपाट, ओळखीचं. पूलची ही अगदी मधली जागा. इथेच तेरा वर्षांची असताना तिने पहिली गिरकी घेतली होती, आणि त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात घेतली होती. वर बर्फ असायचा एवढाच काय तो फरक. तळ नसलेल्या पाण्याच्या तळावर नेटा जन्मभर नाचत आली होती!

ती उभी राहिली. पाणी बरगड्यांपर्यंत. जीवरक्षक शिट्टी फुंकत धावत येत होता, डार्नली निम्म्या वाटेवर पोचला होता, आयरिस काठावर मेरीमातेला हाका मारत होती. आणि नेटा खोकत, नाक पुसत, खदाखदा हसत होती.

"अगं, ही तर रिंकच आहे!" ती ओरडली.

"मग काय वाटलं होतं तुला?" आयरिस किंचाळली. "सगळ्या जगाला माहीत आहे!"

जगाला माहीत होतं, नेटाच्या पायांना आज कळलं. "मागे हो," ती डार्नलीला म्हणाली. "काठाला जा तुझ्या."

मग तिने डार्नलीने शिकवलेलं सगळं सोडून दिलं. पाण्यावर आडवी झाली, पावलं बाहेर वळवली, बर्फावर ढकलतात तसं दोन्ही पायांनी पाणी मागे ढकललं, आणि घसरू दिलं अंगाला. ढकललं, घसरली. पुन्हा ढकललं, पुन्हा घसरली. बेडकाची चाल म्हणतात ती हीच, पण तिला ते नाव कशाला हवं होतं? हळूहळू पोरं बाजूला झाली. तिला वाट दिली. थांबायचं कसं ते तीही शिकली नव्हती. डोकं डार्नलीच्या पोटावर आदळलं तेव्हा ती थांबली.

"आले," ती म्हणाली.

डार्नलीने तिचे दोन्ही खांदे धरले.

"ऐक," नेटा म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर. लग्न करून येते. चहाच्या आधी समुद्रातसुद्धा येते. पण नोव्हेंबरात रिंक उघडली की आपण इथे."

"थंडीत? अगं, थंडीत सगळी दुनिया इथून पळून बार्बाडोसला येते! विमानं भरभरून!"

"मग उलटी विमानं रिकामी असतील. पाय पसरून बसू."

"माझे गुडघे, नेटा!"

"रेलिंग आहे."

समुद्रावरचं ऊन आणि भिंतीवर आदळलेलं पोट डार्नलीला एकदमच आठवलं असावं. "आणि तिकडचं घर?" त्याने शेवटचा प्रयत्न केला. "हिवाळाभर उघडं टाकायचं?"

"माझं कुलूप आहे ना तुझ्याकडे? इतक्या वर्षांत परत दिलं नाहीस. तेच लाव."

मग मात्र तो हसला. गळ्यातली लाल दोऱ्याची किल्ली त्याने काढली आणि तिच्या डोक्यावरून, निथळत्या केसांवरून सोडवत, तिच्या गळ्यात घातली.

पलीकडच्या काठावरून आयरिस रडत रडत ओरडली, "नेटा, केस भिजले गं तुझे!"