रितूनं मागितलेलं मीठ

‘पोरगी मुकी आहे मॅडम. फॉर्मवर तसंच लिहा,’ हेडसर तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडमना म्हणाले. मी शेजारीच खिचडी वाढत होते. तसं लिहिलं की दुसरीतल्या रितूला बुलढाण्याला, मुक्या मुलांच्या होस्टेलवर पाठवणार होते.

रितू मुकी नव्हती. वांग्याच्या वावरातून आईला ओरडून हाक मारताना मी तिला ऐकलं होतं, ‘वासरू सुटलं वं माय!’ शाळेच्या फाटकात आली की मात्र तोंड बंद.

माझीही एक चूक झाली होती. मी या शाळेत खिचडी शिजवते. आदल्या आठवड्यात डाव वर धरून मी तिला म्हटलं, ‘पाह्यजे म्हण, मंगच वाढते.’ ती अर्धपोटी उठून गेली.

खरं तर मलाच चारचौघांत बोलता येत नाही. माझी पाचवीची शाळा जानेफळला होती. पहिल्याच दिवशी एसटीत कंडक्टरसमोर तोंडातून गावाचं नाव निघेना. त्यानं खाली उतरवलं. शिक्षण तिथंच संपलं. सकाळची गाडी गेली की चुलीपाशी मी अजून मनात म्हणते, ‘एक जानेफळ द्या.’

तपासणीच्या त्या दिवशी मात्र मी डाव खाली ठेवला. ‘मॅडम, हे पोरगी बोलते. वावरात बोलते. म्या ऐकलं.’

‘अरे वा! आज कमलाबाईंलेबी वाचा फुटली!’ हेडसर हसले.

मॅडम हसल्या नाहीत. ‘घरी बोलतं आणि शाळेत तोंडातून आवाज फुटत नाही, असं लेकरू वाटतं तितकं विरळ नसतं सर. गप्प लेकराचा कोणाला त्रास नाही, म्हणून कोणी दवाखान्यात आणत नाही. सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात याला. हट्ट नाही, भीती आहे. बोल, बोल म्हणून मागं लागू नका.’

‘मोठेपणी राह्यते का हे?’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. ‘लहानपणी कोणी ओळखलं नाही, तर राहतं कधी कधी.’

फॉर्मवर मुकी लिहिलं नाही. आता रितूनं ताटली सरकवली की मी वाढते, हात आडवा धरला की थांबते. दिवाळीनंतर एकदा ती माझ्या कानाशी आली. ‘मावशी, मीठ कमी हाय.’

खरंच कमी होतं.

पाचवीला तीही जानेफळला जाईल. बोलणं नाही जमलं तर कंडक्टरला दाखवायला गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या, असं मी तिच्या आईला आत्ताच सांगून ठेवलं आहे. मलाही तेव्हा एवढ्या चिठ्ठीचंच काम होतं.