मेणाने बंद केलेले काडतूस

वितळलेल्या मेणाचा वास आला की कुडव्याजवळची नेमबाजीची रेंज आठवते. वार्ताहर म्हणून मी तिथे गेलो होतो. तिथे फक्त कारखान्यातलीच काडतुसे चालत. कामठ्याहून सरावाला आलेल्या एका शेतकऱ्याने मात्र घरी भरलेले, तोंडाला मेण लावलेले काडतूस गुपचूप बंदुकीत घातले. चाप ओढला, बार उडाला नाही. तो बंदूक उघडू लागला. "खोलू नका काका! नळी समोरच धरा," प्रशिक्षक ओरडला. बार कधी कधी उशिराही उडतो; उघडताना झाला असता, तर शेतकऱ्याचे डोळे गेले असते. "काऊन भाऊ? फुसकं निघालं न," तो हसला, पण थांबला. तेवढ्यात बार झाला. मग त्याने खिशातली उरलेली काडतुसे काढून टेबलावर ठेवली. "घरी असतो त बंदूक खोललीच असती," तो म्हणाला. काडतुसांच्या नियमाची बातमी मी त्याच दिवशी दिली. त्याचे हे वाक्य तेव्हा राहून गेले, ते आज लिहितो आहे.