चेडू अजून वर आसा

स्मशानातून घरी आलो तेव्हा फरशी ओली होती. आम्ही हिला घेऊन जिना उतरलो आणि समोरच्या सावंतबाईंनी लगेच घर झाडून घेतलं, वर पाणी टाकून पुसून काढलं. त्यांचं काही चुकलं नाही. मयत उचललं की घर झाडायचं, धुवायचं, ही रीत आहे. पण मी दारातच उभा राहिलो आणि म्हणालो, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला केर काढायला?" मुलाने माझा दंड धरला. सावंतबाई चांगली बाई. बादली उचलून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या. माणूस म्हातारा आहे, बायको गेली, डोकं ठिकाणावर नसेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. डोकं ठिकाणावर होतं. का चिडलो ते तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितो.

माझी बायको सुलोचना, देवगडकडची. मी मिलमध्ये होतो, मिल बंद पडल्यावर रिक्षा चालवली, आणि तिने घर चालवलं. देवदेव फार करत नव्हती, उपास तर अजिबात नाही, भूक सहन व्हायची नाही तिला. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की होती. घरातून माणूस बाहेर पडला की तो पोचल्याशिवाय केर काढायचा नाही. मी नवीन लग्नात विचारलं, का म्हणून? तर म्हणाली, "मेल्या माणसाच्या पाठसून केर काढतत. तां परत येवचा नसता म्हणान. तुमी येवचे आसात मां?" मी म्हटलं, येणार आहे, जेवण ठेव. मग पुढे मी रिक्षा घेतली आणि तिची पंचाईत झाली. रिक्षावाला पोचतो कुठे? तो दिवसभर जातच असतो. तर तिने माझ्यापुरता वेगळा कायदा काढला. मला पहिलं भाडं मिळालं असेल एवढा वेळ थांबायचं, मग झाडू हातात घ्यायचा. झाडूला ती शेवटपर्यंत वाडवणच म्हणायची. आमची त्यावरून भांडणं पण झाली. सकाळी पाहुणे यायचे असायचे, मुलगा शाळेत निघालेला असायचा, आणि ही कचऱ्यात बसून राहायची, शाळेची घंटा झाली असेल का विचारत. मी म्हणायचो, तुझ्या केराने जगाची वाट लागली नाही अजून. ती म्हणायची, "लागूक नाय, कारण मी थांबतंय."

आम्ही घाटकोपरला, टेकडीच्या उतारावर राहतो. विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात. इतकी खाली असतात की चाकं बाहेर आलेली दिसतात. नवीन माणूस बोलता बोलता गप्प होतो, आम्ही आवाज चढवून बोलत राहतो. मुलगा आणि सून मुलुंडला, दोघं नोकरीवाली, म्हणून नात तनू लहानपणी आमच्याकडेच होती. गॅलरीत उताणी पडायची आणि ओरडायची, "आजी, चाकं काढली!" ही आतून कणीक मळता मळता म्हणायची, "काढूक व्हयीच, नायतर उतारतला कशावर?" त्या पोरीने बारावीनंतर सांगितलं की मला पायलट व्हायचंय. पैसे कुठून आले ते विचारू नका, गावची आंब्याची कलमं गेली त्यात, तो वेगळा विषय आहे. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी हिच्याकडे. ही म्हणाली, "माझ्या डोक्यावरसून सगळी उतारतत. चढताना मी एक पण विमान बघूक नाय गो."

तनू म्हणाली, "मग चांगलंच ना आजी. उतरतात म्हणजे."

तेवढ्यावर ती तयार झाली. अट एकच. वर जायच्या आधी फोन, खाली आल्यावर फोन.

विमानशाळा खानदेशात, गावाबाहेर, मोकळ्या माळावर. तनूचा फोन यायचा, "आजी, निघाले," आणि आमच्या घरात झाडू दाराआड जायचा. मग तास-दीड तासाने, "आजी, उतरले." लगेच खर्र खर्र सुरू. सावंतबाई विचारायच्या, "काय, आलं वाटतं विमान खाली?" पहिल्यांदा ती एकटी उडाली त्या दिवशी मात्र फोन लवकर आलाच नाही. ही चुलीपाशी बसल्यासारखी झाडूपाशी पाट टाकून बसली. मी पेपर वाचत होतो. पान उलटल्याचा आवाज झाला तरी माझ्याकडे बघायची. शेवटी फोन आला तर तनू हसतेय की रडतेय कळेना. तिचं ऐकून घ्या. रोजच्यासारखं सरांबरोबर दोन-तीन चकरा झाल्या. मग सर विमान थांबवून म्हणाले, मी उतरतो, एक चक्कर तू मारून ये. आधी सांगत नाहीत, सांगितलं तर पोरं रात्रभर झोपत नाहीत. सरांनी खाली उतरून दार लावलं. तनू म्हणाली, "आजी, सर उतरले तसं विमान हलकं झालं. नेहमीपेक्षा आधीच उचललं गेलं. बाजूला बघते तर सीट रिकामी. मग मीच मोठ्याने बोलत होते, आता वळायचं, आता वेग कमी करायचा... सर असताना तेच बोलतात ना."

"आणि फोन कित्याक नाय केलंस?"

"अगं, एकटं उडून आलं की बादलीने पाणी ओततात अंगावर. पद्धत आहे इथली. सगळ्यांनी ओतलं. फोन दुसऱ्याकडे होता."

हिला ते काही आवडलं नाही. धडधाकट परत आलेल्या पोरीला ओलंचिंब कसली करता, म्हणाली, सर्दी होईल. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, ती बाजूची खुर्ची रिकामी, तिच्या पट्ट्याचं काय केलंस? तनूने सांगितलं, तो पण बांधायचा असतो, मोकळा राहिला तर हलतो, कुठेतरी अडकतो. "म्हणजे कोणी नसलं तरी बांधायचा?" "हो आजी, कोणी नसलं तरी." हे तिला पटलं. नंतर बरेच दिवस ज्याला त्याला सांगायची, रिकाम्या खुर्चीचा पण पट्टा बांधतात म्हणून.

खरी पंचाईत रात्रीचं उड्डाण सुरू झाल्यावर झाली. म्हणजे दिवस मावळल्यावरचं. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते, हा दुसरा कायदा. आणि पोरगी वर असताना काढायचा नाही, हा पहिला. तनू दिवेलागणीला वर जाणार आणि जेवायच्या वेळेला खाली येणार, म्हणजे झाडू सकाळपर्यंत बंद. मग हिने संध्याकाळी घरात काही सांडायचंच नाही असं ठरवलं. मला भाकरी खायची तर खाली पेपर. मुलगा आणि सून एका रविवारी फरसाण घेऊन आले, तर दोघांना गॅलरीत उभं केलं. मुलगा म्हणाला, "आई, एवढा मोठा मॅनेजर मी, मला बाहेर उभं करतेस?" ही म्हणाली, "मॅनेजर हयसर शेव सांडता. गप खा. चेडू अजून वर आसा." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

फोन स्पीकरवर टाकून आम्ही दोघं तनूचं ऐकायचो. ती सांगायची, गाव मागे पडलं की खाली काहीच नाही. शेतं आहेत, पण काळी. वळताना वरचे तारे कुठले आणि खाली वस्तीतले दिवे कुठले ते कळत नाही. पोट सांगतं विमान कलंडलंय, समोरचं घड्याळ, म्हणजे विमान कसं आहे ते दाखवणारं यंत्र, सांगतं सरळ आहे. अशा वेळी घड्याळाचं ऐकायचं, पोटाचं नाही. ही म्हणाली, "तां माका जमाचा नाय." आणि उतरताना? तर म्हणे दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग, मधला रस्ता काळा, त्या काळ्यात विमान सोडायचं. जमीन दिसत नाही आजी, लागते. पहिल्या वेळी जोरात आपटलं, सर म्हणाले, "विहिरीत उडी मारलीस काय?" आम्ही हसलो. ही पण हसली, पण त्या रात्री जेवली कमी. हे सगळं सर बाजूला बसलेले असताना. रात्रीचं एकटीने उडायचं बाकी होतं, आणि ते झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

तेवढ्यात हिचे पाय सुजायला लागले. जिना चढताना धाप. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, ॲडमिट करा. टॅक्सी खाली आली. ही चप्पल घालून दारात थांबली, मागे वळून खोली बघितली आणि मला म्हणाली, "मी येईसर केर काढू नुकात हां." येईसर म्हणजे येईपर्यंत. मी म्हटलं, चल आता. त्यानंतर जेवढे दिवस ती हॉस्पिटलात होती तेवढे दिवस मी घरी फक्त आंघोळीला यायचो. पायाखाली कचकच लागायची. एक दिवस सून आली, तिने झाडू घेतला, मी काढून घेतला. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधीपासून मानायला लागलात हे?" मी म्हटलं, मी मानत नाही, पण ती सांगून गेलीय.

तनूला तिचं आजारपण पुरतं कळू द्यायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. "तिका सांगू नुकात. पोटाचा ऐकात मग ती वर." तेव्हा तनूला वाटत होतं, पायांना सूज आहे, तपासण्या चालल्यात. दिवेलागणीला तनू वर गेली, आणि जेवायच्या वेळेला ही गेली. नळ्या काढत होते. हिचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता, तो वाजला. उचलला तर, "आजी, उतरले."

मी विचारलं, "खाली आलीस ना?"

"हो. आजी कुठंय?"

"मग आधी कुठेतरी बस," मी म्हटलं.

हिला रात्रीच घरी आणलं, पोरगी मिळेल त्या गाडीने सकाळी पोचली. सावंतबाईंवर मी ओरडलो तेव्हा माझ्या मागेच उभी होती. तेराव्यानंतर सगळे गेले, तनू राहिली. विमानशाळेतून सरांचे फोन यायचे, ती बाहेर जाऊन बोलायची. मी विचारलं तर म्हणाली, "आबा, दिवसाचं करीन. रात्रीचं नाही करणार."

"रात्रीचं नाही केलं तर काय होतं?"

"लायसन्स मिळत नाही."

"मग दिवसाचं तरी कशाला करतेस?"

ती चिडली. म्हणाली, "मी उतरले म्हणून फोन केला आणि तिकडे कोणीच नव्हतं. आता परत खाली येऊन मी फोन कोणाला करू?"

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "मी काय मेलोय? माझ्याकडे फोन आहे."

"तुम्ही केर थोडाच थांबवणार आहात."

"काढतो कोण? मला कंबर वाकवता येत नाही धड. तू वर असताना झाडूला हात लावणार नाही, खाली आल्यावर लावीन. आजीने गावची कलमं यासाठी नाही दिली की तू इथे बसून माझ्या चहात साखर घालावी."

डोक्यावरून एक विमान गेलं, तिने सवयीने वर बघितलं. दोन दिवसांनी बॅग भरली. दारात म्हणाली, "जाते आबा." मी म्हटलं, येते म्हण. ती म्हणाली, येते. त्या दिवशी ती खानदेशात पोचेपर्यंत मी कचऱ्यात बसलो. पहिल्यांदाच बसलो. बसून काही होत नाही. पण उठवत पण नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "आबा, आज एकटीने. निघाले." बाहेर दिवे लागत होते. सावंतबाईंनी भाकरी आणून दिली होती, मी खाली पेपर घेतला. पेपरवर तुकडे पडले, दोन बाहेर पडले, पडू दिले. डोक्यावरून विमानं उतरत होती. सावंतबाई ताट न्यायला आल्या, खाली सांडलेलं बघितलं आणि काही न विचारता पाटावर बसल्या. मी पण आता केर थांबवतो, हे त्यांना माहीत आहे. मग फोन वाजला.

"आबा, उतरले."

मी विचारलं, "बाजूच्या खुर्चीचा पट्टा बांधला होतास?"

"बांधला होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "घट्ट."

सकाळी उठून मी केर काढला. बसून, सरकत सरकत काढतो, वेळ लागतो. सगळं घर काढतो, फक्त पलंगाखाली नाही. तिथे भिंतीला लागून तिची पत्र्याची ट्रंक आहे. त्या दिवशी सावंतबाईंचा झाडू तिच्यामागे पोचला नव्हता, पाणी पण नाही. हॉस्पिटलच्या दिवसांतला केर तिथे तसाच आहे. सून म्हणते, पप्पा, मी ट्रंक सरकवून देते, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हणतो. ती येईपर्यंत काढू नका, असं मला सांगितलेलं आहे.