राणीचं तिसऱ्या अंकातलं वाक्य

"राणीचं काम तूच करायचंस," काका फोनवर म्हणाले. "तुझ्या डोळ्यांत ती आहे." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर विचार करत बसले की या माणसाने माझ्या डोळ्यांत नेमकं काय पाहिलं. काका म्हणजे इथल्या, कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या आमच्या मराठी मंडळातले हौशी नाटककार. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनी स्वतःच एक शोकांतिका लिहिली होती. त्यातली राणी नवऱ्याला गादी मिळावी म्हणून थोरल्या दिराला विष घालते आणि तिसऱ्या अंकात वेडी होऊन त्या मेलेल्या दिराचं पान वाढत बसते. असली बाई माझ्या डोळ्यांत दिसते म्हणे.

मी मुळातच संशयी. कुणी कौतुक केलं की याला काय हवंय, हे मी आधी बघते. पण तेव्हा घाबरायला कारणही होतं. नवरा आणि मी शेजारच्या वॉन शहरातल्या एकाच कंपनीत होतो. गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, आमच्या टीम वेगळ्या, पण डिपार्टमेंट एक. तिथली मॅनेजरची जागा रिकामी झाली होती. जेवताना नवरा म्हणाला, "अगं, माझा रेझ्युमे जरा बघ ना. तुझं इंग्लिश पॉलिश्ड आहे. मंडेला अप्लाय करतोय." मी त्याचा रेझ्युमे मन लावून सुधारला. मग माझा काढला, तोही सुधारला आणि त्याच जागेसाठी पाठवून दिला. नवऱ्याला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? त्याने 'तू करतेस का अप्लाय?' असं विचारलंच नाही म्हणून. कॅनडात तो आधी आला, मी त्याच्या मागून. त्याची नोकरी ती नोकरी, माझी ती सोय, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांचं तसंच चाललं होतं. दर रविवारी सासूबाई फोनवर विचारायच्या, "त्याचं प्रमोशन कधी गं?" माझ्याबद्दल विचारायच्या, "तुझी पाठ बरी आहे ना?" पाठ बरी होती. मला ती जागा हवी होती, आणि हवी होती म्हणजे अगदी जीव जाईल इतकी हवी होती.

तालमी आमच्याच बेसमेंटमध्ये व्हायच्या. राजाचं काम करणारा गृहस्थ घरं विकण्याच्या धंद्यात, त्यामुळे मरणाच्या प्रसंगातही त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जात नसे. नवऱ्याचं पाठांतर पक्कं, पण प्रेक्षक दिसले की पाय लटपटतात, म्हणून मंडळात तो कायमचा प्रॉम्प्टर. एका तालमीत मी काकांना विचारलं, "खुनाचा फायदा राजाला झाला. मग वेडी राणी का होते?"

"अगं, बाई आहे ती. तिला मन असतं."

"आणि राजाला?"

"राजाला राज्य असतं," काका म्हणाले आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाले. सगळे हसले. नवरा हसला नाही. तो वहीत डोकं घालून बसला होता, आणि मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

राणीचं शेवटचं वाक्य माझ्या घशात अडकायचं. वाढलेल्या पानासमोर बसून, राजाकडे बघत तिने म्हणायचं, "महाराज, हे सगळं मी तुमच्यासाठी केलं." दर वेळी तिथे मी अडखळायचे, आणि नवरा शांतपणे वाक्य पुरवायचा. तुमच्यासाठी. त्याच्या आवाजात ते ऐकताना मला टोचायचं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

इंटरव्ह्यूची तयारीही मी बेसमेंटमध्येच करायचे. संध्याकाळी जेवण उरकलं की खाली जायचे आणि दार लावून, घर गरम ठेवणाऱ्या घरघरत्या फर्नेसशेजारी उभी राहून मोठ्याने उत्तरं म्हणायचे. मी टीम कशी सांभाळली, भांडणं कशी मिटवली, पाच वर्षांनी मी कुठे असेन. वर आले की नवरा विचारायचा, "काय चाललं होतं?"

"पाठांतर."

"छान चाललंय," तो म्हणायचा. एकदा त्याने माझ्यासाठी लिंबू-मध घालून गरम पाणी करून ठेवलं होतं. ते पिताना मी त्याच्याकडे बघत राहिले. हा इतका गोड का वागतोय? चोराच्या मनात चांदणं असतं हे मला कळत होतं, पण चोर नक्की कोण, ते कळेना. कारण त्याचंही काहीतरी चाललं होतं. हल्ली तो जेवल्यावर घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये गाडीत जाऊन बसायचा. काचा बंद, बाहेर बर्फ, आणि हा आत ओठ हलवतोय. खिडकीच्या पडद्याआडून मला दिसायचं. फोनवर कुणाशी बोलतोय? बॉसशी? माझं नाव यादीत आहे हे कळलंय, आणि माझ्याविरुद्ध काही सांगतोय? की आणखी कुणी आहे? एकदा मी कचऱ्याची पिशवी टाकायच्या निमित्ताने गाडीजवळून गेले, तर तो दचकून गप्प झाला आणि हसला. त्या हसण्याचा मला राग आला. मी स्वतः काय करतेय ते त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही.

इंटरव्ह्यू झाला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी मला ईमेल आली. जागा मला मिळाली होती. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड दाबून नाचले. आणि मग लगेच कळलं, याच वेळी त्यालाही एक ईमेल आली असणार. रात्री जेवताना मी विषय काढला तो भाजीचा. "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" मी विचारलं. "एकदम बरोबर," तो म्हणाला. इतकं सरळ उत्तर ऐकून माझा संशय आणखी वाढला.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारचा. पाडवा आला तरी पार्किंगच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होतेच. काकांनी नारळ फोडला, तिसरी घंटा झाली. दोन अंक बरे गेले. तिसऱ्या अंकात मी पाट मांडला, पान वाढलं, समोर बसले आणि तोंड उघडलं. काही आठवेना. अडखळणं नव्हतं हे, सगळं कोरं. मी विंगेकडे पाहिलं. नवरा हातातली वही मिटून उभा होता. माझ्या डोळ्यांत बघत तो हळू, स्पष्ट म्हणाला, "हे सगळं मी माझ्यासाठी केलं."

हे वाक्य संहितेत नव्हतं. त्याला माहीत होतं. हा टोमणा होता, शिक्षा होती की आणखी काही, ते ठरवायला वेळ नव्हता. समोर सगळं मंडळ बसलं होतं. मी मान वर केली आणि म्हटलं, "महाराज, हे सगळं मी माझ्यासाठी केलं." माझा इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या विंगेत काकांनी कपाळावर हात मारला. राजा पहिल्यांदाच हसायचं विसरला.

नंतर गाडीत बसलो. मी अजून राणीच्या साडीत. त्याने गाडी सुरू केली नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. फर्नेसशेजारी बोललेलं गरम हवेच्या व्हेंटमधून सगळं वर बेडरूममध्ये येतं. आणि राणीच्या तोंडी 'स्टेकहोल्डर' कुठून येणार?"

भिंतींना कान असतात, इथल्या घरांना तोंडही असतं हे मी विसरले होते. पण मला हसू आलं नाही. खरा प्रश्न पुढे होता आणि तो विचारायची मला भीती वाटत होती. कारण त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असतं, तर ती जागा माझी नव्हती, याने उदार होऊन मला वाढलेली होती, आणि मग जन्मभर मीच कुणाचं तरी पान मांडत बसले असते.

"तू माघार घेतलीस का? माझ्यासाठी?"

तो भडकला. इतक्या वर्षांत मी त्याला असं भडकलेलं पाहिलं नव्हतं. "माघार? रोज या गाडीत बसून मी उत्तरं पाठ करत होतो! घरात केली असती तर तू ऐकली असतीस. जीव तोडून तयारी केली होती मी. हरलो. दॅट्स इट. तू जास्त चांगली होतीस आणि मी हरलो. आणि मला त्रास होतोय, सो प्लीज, आता त्यावर काही गोड बोलू नकोस."

'सॉरी' माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी म्हटलं नाही.

"मला हवी होती ती जागा," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.